सहा दिवसांची गैरहजेरी

श्रीकृपा कॉलनी, अमरावती
१० जानेवारी २०२५

प्रिय खुशाल,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन शिट्ट्या मारतं, हे माझ्या दृष्टीनं बरंच झालं. होस्टेल सुटल्यावर बंद पडलेली आपली पत्रं त्यामुळे पुन्हा सुरू झाली. अकोल्याच्या फ्लॅटमध्ये आता तरी करमतं का? शेत ठोक्यानं कसायला देऊन टाकल्यापासून तुझ्या प्रत्येक पत्रात गुडघे आणि लिफ्ट याशिवाय काही नसतं.

माझ्याकडे मात्र या आठवड्यात एक प्रकरण झालं. तू म्हणशील, वकिली सोडून सात वर्षं झाली तरी खोड जात नाही. ऐक.

आमची गल्ली अरुंद, म्हणून घंटागाडी कोपऱ्यावरच उभी राहते. तिथून मैना नावाची बाई हातगाडीवर दोन ड्रम घेऊन दारोदार येते. ओला एकात, सुका दुसऱ्यात. माझी वसुधा वारल्यापासून घरातला कचरा मीच बाहेर ठेवतो, त्यामुळे तिची आणि माझी रोज सकाळी गाठ पडते. बोलायला फटकळ आहे. ‘काकाजी, दुधाच्या पिशव्या वल्ल्यात टाकू नका’ हे तिनं मला निदान दहा वेळा ऐकवलं असेल. मी हो म्हणायचो आणि विसरायचो.

तर ही बाई मागच्या शुक्रवारपासून आलीच नाही. ना निरोप, ना बदली माणूस. चौतीस घरांचा कचरा दारात कुजत पडला. कुत्र्यांनी पिशव्या फाडून गल्लीभर नेल्या. कोणी काही करेना. शेवटी मी बुधवारी अर्ज लिहिला. ठेकेदाराला एक प्रत, महापालिकेच्या स्वच्छता विभागाला एक. ‘सदर कर्मचारी कोणतीही पूर्वसूचना न देता सलग सहा दिवस हेतुपुरस्सर गैरहजर असून’ अशी सुरुवात केली आणि दोन पानं लिहिली. माझा मसुदा अजून चालतो, खुशाल. काल तिला काढलं. आज सकाळी नवीन माणूस आला आणि सगळी गल्ली साफ करून गेला. शेजारच्या शकुनताई मुद्दाम येऊन म्हणाल्या, वकीलसाहेब होते म्हणून झालं.

खरं सांगतो, बरं वाटलं. किती तरी दिवसांनी कोणाच्या उपयोगी पडलो.

संक्रांतीचा तीळगूळ पत्रातून पाठवता येत नाही, तो आहे असं समज.

तुझा
उद्धव

अकोला
१३ जानेवारी

उद्धवा, रामराम.

पत्र भेटलं. तीळगूळ भेटला असं समजलो.

लेका, तू मसुदा चांगला लिवतो हे मले होस्टेलापासून ठावं हाय. मेसच्या वरनात पानी हाय म्हनून तू तीन पानाचा अर्ज लिवला होता आन् आपल्याले सगळ्याईले आठ दिवस बिनामेसचं राहावं लागलं होतं.

मले एक सांग. ती बाई सहा दिवस काहून नाई आली, हे तू कोनाले इचारलं काय? तुह्या दोन पानात ते कुठीच नाई.

तुले वाटन हा कास्तकार मले कायदा शिकवून राहिला. तसं नाई. इथं फ्लॅटात मी पाहाटेच उठतो, झोप येत नाई. खाली येऊन बाकड्यावर बसतो. मंग घंटागाडी येते. तिच्यावर दोघी जनी असतात. पयले त्या मले भेत, म्हनत हा म्हातारा रोज पाह्यत काय बसते. आता बोलतात. मले अर्धंच आयकू येते, पन त्याईचे हात दिसतात ना. एकीच्या बोटाले कायम चिंधी बांधेल असते. इचारलं तं म्हने, कालची काच. आज नवी चिंधी, इचारलं तं म्हने, आजची काच. अन् तरी दुसऱ्या दिवशी सात वाजता हजर. असे लोक सहा दिवस घरी बसतात तं काईतरी झालं असन, बावा.

माही सून आकांक्षा लॅबमंदी रगत तपासते, तिनं घरात तीन डबे ठेवले. ओला, सुका, आन् तिसरा लाल. लाल डब्यात काय टाकाचं ते मी आजून इचारून राहिलो. पोरगी रागावत नाई, पुन्हा सांगते.

तू त्या बाईच्या घरी जा. नाईतर तिच्या गाडीवाल्याले इचार. मंग मले लिव.

तुहा
खुशाल

श्रीकृपा कॉलनी, अमरावती
१५ जानेवारी

प्रिय खुशाल,

तुझं पत्र मिळालं त्याच सकाळी कोपऱ्यावर गेलो. गाडीवर सुगत नावाचा ड्रायव्हर असतो, तिशीतला. मी विचारलं, ‘मैना कुठं आहे?’

तो गाडीतून उतरला नाही. ‘काहून साहेब,’ म्हणाला, ‘आनखी एक अर्ज देता काय?’

मी गाडीच्या दारापाशीच उभा राहिलो. मग त्यानं इंजिन बंद केलं आणि सांगितलं.

दोन तारखेला, गुरुवारी, ती आमच्या गल्लीचा कचरा गाडीत टाकत होती. ओल्या कचऱ्यात दुधाची पिशवी दिसली म्हणून ती काढायला तिनं हात घातला. पिशवीत सुई होती. अंगठ्याच्या बुडाशी घुसली. इंजेक्शन पेनाची असते तशी बारीक, निळ्या बुडाची. हातमोजे नव्हते. सगळे कामगार दोन महिने मागत होते, मिळाले नव्हते. सुगतनं तिला गाडी तशीच सोडून स्वतःच्या मोटरसायकलवर सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, सुई कोणाची ते माहीत नाही, त्या माणसाला कोणता आजार आहे ते माहीत नाही, म्हणजे वाईटातलं वाईट धरून चालावं लागेल. अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तिला उलट्या होतात, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. तपासण्या पुढे तीन महिन्यांपर्यंत चालणार.

तिनं पहिल्याच दिवशी ठेकेदाराच्या मुकादमाला कळवलं होतं. तो म्हणाला, सुईचं कागदावर आणू नको, मग मोज्यांचं विचारतील. ताप आहे म्हण आणि घरी राहा. आणि मग माझा अर्ज गेला. ‘हेतुपुरस्सर’. सुगत म्हणाला, ‘मुकादमाले तं बरंच झालं साहेब. तुमच्या कागदानं तिले काढता आलं.’

तिला चार वर्षांची मुलगी आहे, आचल. मैना तिला जवळ घेत नाही. जवळ घेतल्यानं काही होत नाही असं डॉक्टरांनी समजावलं, पण तिच्या मनाला ते पटत नाही. सासूनं तिचं ताट वेगळं काढलं आहे.

मी तक्रार मागे घेत असल्याचा अर्ज कालच दिला. त्याचा उपयोग होईल असं वाटत नाही. गल्लीत चौतीस घरं. सुई कोणाच्या घरची, कोण जाणे. असल्या गोष्टीला पुरावा कुठून आणायचा?

कालपासून जेवण जात नाही. थंडीचं असेल.

तुझा
उद्धव

अकोला
१७ जानेवारी

उद्धवा,

माहा श्याम उद्या हापिसच्या कामानं अमरावतीले येऊन राहिला, त्याच्याच हाती हे पत्र देतो. पोस्टाची वाट पाहाची नाई.

तुहं पत्र मी आकांक्षाले वाचून दाखवलं. ती हातातलं काम सोडून बसली. तिनं सांगतलं ते जसंच्या तसं लिवतो. ज्या मानसाची सुई हाय तो मानूस सापडला, आन् त्याचं रगत तपासून साफ निघालं, तं डॉक्टर त्या बाईच्या गोळ्या बंद करू शकतात. तिच्या डोक्यावरचा घोर उतरते. सगळं त्या एका मानसावर हाय. आन् जेवढे दिवस जाईन तेवढे दिवस ती बाई उगाच त्या गोळ्या खाईन.

आता तू सांग, चौतीस घरात सुई घेनारे असतीन किती? चार, पाच. तू जल्मभर मानसाईची उलटतपासनी घेतली. आता घे. एकेकाच्या दारात जाय.

ज्यानं टाकली त्यानं मुद्दाम नसन टाकली. मी बी फवारनीच्या रिकाम्या बाटल्या वावराच्या धुऱ्यावर फेकल्या हायेत, कोनाच्या पायात काच गेली असन त्याचा कधी इचार नाई केला. ते समजू शकतो. पन बाईले काढलं, ती बिमार हाय, लेकराले जवळ घेत नाई, हे ठावं असून जो आजून गप बसला असन, त्याच्या घरचं पानी मी पेनार नाई.

श्यामजवळ उत्तर दे.

तुहा
खुशाल

श्रीकृपा कॉलनी, अमरावती
२१ जानेवारी

प्रिय खुशाल,

माझ्या घरचं पाणी तू पन्नास वर्षं पीत आला आहेस.

श्यामजवळ उत्तर दिलं नाही. तो हॉलमध्ये चहा घेत होता आणि मी आत तुझं पत्र वाचत होतो. बाहेर येऊन त्याच्याकडे बघणंही मला जमेना. ‘बाबांना सांग, मग लिहितो’ एवढंच म्हणालो.

दोन वर्षांपासून मी इन्सुलिन घेतो. तुला सांगितलं नाही. भेटलास की तू पानात गोड वाढायला लावतोस, त्याला नाही म्हणायची लाज वाटायची, एवढंच कारण. पेन असतं, त्याला रोज नवी बारीक सुई लावायची. वापरलेली सुई मी दुधाच्या रिकाम्या पिशवीत टाकायचो, पिशवी ओल्या कचऱ्यात. हाताशी तीच असायची. सुगतनं ‘निळ्या बुडाची’ म्हटलं त्या क्षणी मला कळलं. तुला ‘कोण जाणे’ लिहिलं ते माहीत असून लिहिलं.

त्या दिवसांत मी काय केलं ते सांगतो. स्वतःची बाजू तयार केली. शकुनताईंचे यजमानही इन्सुलिन घेतात. कोपऱ्यावरचे प्राध्यापकही घेतात. पिशवी माझीच, हे कोण सिद्ध करणार? इतकी चांगली बाजू मी कोणत्या अशिलाची मांडली नसेल.

श्याम गेल्यावर मी सुगतला फोन केला. तो मला मैनाच्या घरी घेऊन गेला. दोन खोल्या आहेत, समोर नळ. ती दाराशीच बसली होती, गालफडं बसलेली. मला पाहून उठली. मी बसलो नाही. म्हटलं, ‘मैना, ती सुई माझी होती. आणि तुला काढायला लावणारा अर्जही माझाच होता.’

तिची सासू काहीतरी बोलायला लागली, मैनानं तिला हातानं थांबवलं. मग म्हणाली, ‘काकाजी, सोळा दिवस झाले मी पोरीले मांडीवर घेतलं नाई.’

मी हात जोडले.

‘तुमाले काई बिमारी हाय काय?’ तिनं विचारलं.

‘साखरेशिवाय मला माहीत असलेली नाही. पण माझ्या सांगण्यावर तू विश्वास ठेवू नकोस. सोमवारी दवाखान्यात चल. माझं रक्त तुझ्यासमोर तपासू.’

ती म्हणाली, ‘चला.’

काल गेलो. डॉक्टरीणबाईंना मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी मला रागावलं नाही, फक्त विचारलं, सुई किती वेळा वापरलेली, पेन दुसरं कोणी वापरतं का. आणि म्हणाल्या, हे पहिल्या आठवड्यात कळलं असतं तर बरं झालं असतं. एचआयव्ही आणि बी, सी या दोन्ही काविळींसाठी रक्त दिलं. आज रिपोर्ट आले. सगळे निर्दोष. डॉक्टरीणबाईंनी मैनाच्या गोळ्या बंद केल्या. पुढची एक तपासणी करून घे म्हणाल्या, पण घाबरण्यासारखं काही उरलं नाही, असंही म्हणाल्या.

आचलला तिनं सोबत आणलं होतं. पोरगी बाकावर सुगतच्या शेजारी बसून बिस्किट खात होती. मैना बाहेर आली, तिनं पोरीला उचललं आणि तिचं तोंड मानेत खुपसून उभी राहिली. आचल म्हणाली, ‘आई, गुदगुल्या होतात.’

निघताना मैनानं मला विचारलं, ‘काहून सांगतलं काकाजी? कोनालेच मालूम पडलं नसतं.’

मी तुझं नाव सांगितलं. पण ते पूर्ण खरं नाही. तुझं पत्र आलं नसतं तर मी सांगितलं असतं की नाही, हे मला माहीत नाही. तेवढं एक न तपासलेलं राहिलं.

आता तू काय म्हणशील ते म्हण.

उद्धव

अकोला
२५ जानेवारी

उद्धवा,

दोन दिवस तुह्या पत्राले उत्तर दिलं नाई. राग होता. तो सुईचा नाई. तू मले ‘कोन जाने’ लिवलं त्याचा होता. आकांक्षा म्हने, बाबा, इतक्या उशिरा का होईना, मानूस सोताहून रगत द्याले गेला, असे मी लॅबमंदी लय कमी पाह्यले. मंग राग उतरला.

आता पुढचं. बाई चांगली झाली, पन तिचं काम? ते तं तुह्या कागदानं गेलं ना. मंग ते तुह्याच कागदानं आलं पाह्यजे. आता तुही दोन पानं कामात आन.

अन् तुह्यासारखा शिकेल मानूस पिशवीत सुया टाकते तं बाकीचे काय करत असतीन. आकांक्षानं सांगतलं, जाड प्लास्टिकचा डबा घ्याचा, कपड्याच्या साबनाचा लिक्विडवाला चालते. त्यात सुया टाकाच्या, झाकन घट्ट लावाचं, वरून लाल खून कराची. भरला का गाडीवाल्याच्या हातात वेगळा, सांगून द्याचा. आता मले समजलं तिसरा डबा काहून हाय.

गोडाचं म्हनशील तं, तू आता माह्या घरी ये. पिठलं-भाकर खाऊ घालतो. मले बी डॉक्टरनं गोड बंद केलं, मी बी तुले सांगतलं नव्हतं.

पानी पेईन तुह्या घरचं.

तुहा
खुशाल

श्रीकृपा कॉलनी, अमरावती
२ मार्च

प्रिय खुशाल,

महिनाभर पत्र नाही म्हणून तू काळजीत असशील. तुझं काम करत होतो.

आधी प्रतिज्ञापत्र केलं. सुई माझी, तक्रार चौकशी न करता केलेली, मोजे दिलेले नव्हते, मुकादमाला पहिल्या दिवशी कळवलं होतं. दवाखान्याचा कागद आणि सुगतचा जबाब सोबत जोडला. जबाब देताना सुगत म्हणाला, ‘माहीबी नौकरी जाईन साहेब.’ मी म्हटलं, ‘मग ते प्रकरणही मी चालवीन.’ पहिल्यांदा हसला माझ्यासमोर.

मग गल्लीची बैठक घेतली, शकुनताईंच्या अंगणात. सगळ्यांना वाटलं, वकीलसाहेब मोकाट कुत्र्यांबद्दल बोलणार. मी उभा राहून सांगितलं, सुई माझी होती. खुशाल, न्यायालयात चाळीस वर्षं उभा राहिलो, पण आरोपी म्हणून पहिल्यांदाच. प्राध्यापक खाली बघत होते. तसेच म्हणाले, मीही पिशवीतच टाकतो. शकुनताई म्हणाल्या, आमच्याकडेही तसंच. त्या दिवशी सही न केलेलं एकही घर राहिलं नाही. मैनाला परत घ्या, आमच्या गल्लीत द्या, असा अर्ज होता.

स्वच्छता विभागात नऊ चकरा झाल्या. तिथले एक अधिकारी कागद वाचून म्हणाले, ‘वकीलसाहेब, स्वतःविरुद्ध पुरावा घेऊन आलेला माणूस आमच्याकडे पहिल्यांदाच येतो.’ त्यांनी ठेकेदाराला बोलावून घेतलं. मैनाला मागच्या आठवड्यात परत घेतलं. जाड रबरी हातमोजे सगळ्यांनाच दिले. मुकादम बदलला.

पण तिला बडनेऱ्याकडे दिलं. आमच्या गल्लीत नाही.

मला ते लागलं. मी तिला म्हटलं, अजून एक अर्ज करतो, इथंच आणतो तुला. ती म्हणाली, ‘नका करू काकाजी. बडनेरा मले घरून जवळ पडते. अन् तुमच्या गल्लीतले लोक आता मले पाह्यलं का खाली मान घालतात. मले ते नाई जमत. तिथं नवे लोक हायेत.’ मग म्हणाली, ‘तुमाले खरंच काई करायचं असन तं तिकडं या. त्या लोकाईले मी सुयाचं सांगतो तं आयकत नाईत. म्हनतात, कचऱ्यावाली आमाले शिकवते. तुमी सांगा.’

‘काय सांगू?’

‘जे गल्लीले सांगतलं तेच.’

म्हणून काल बडनेऱ्याला गेलो. रेल्वेत नोकरी करणाऱ्यांची वस्ती आहे, लहान घरं, दारात तुळशी. मैना पुढे, मी मागे, गाडी सुगतची नाही, दुसऱ्याची. पहिल्या घरी एक तरुण माणूस जेवणाचा डबा हातात धरून घाईत निघाला होता. मैनानं हाक मारली, ‘भाऊ, हे साहेब काय म्हनतात ते आयका.’ मी सांगितलं: मी वकील होतो, इन्सुलिन घेतो, माझी सुई या बाईच्या हातात गेली, हिनं एकोणीस दिवस विषासारख्या गोळ्या खाल्ल्या, आणि वरून मी हिला कामावरून काढायला लावलं. त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, मैनाकडे पाहिलं, तिच्या मोज्यांकडे पाहिलं. ‘बरं,’ म्हणाला आणि गाडी चुकेल म्हणून पळाला. दुसऱ्या घरी दार लावून घेतलं. तिसऱ्या घरी बाईनं चहा विचारला. प्रत्येक दारात तेच सांगायचं होतं. पाचव्या-सहाव्या घरापासून शब्द शोधावे लागेनात. मी दिवस चुकलो की मैना मध्येच सुधारायची, ‘सहा नाई काकाजी, गैरहजेरी सहा दिवसाची, गोळ्या एकोनीस दिवस.’

बाराव्या घरी एक म्हातारी होती, आपल्याहून मोठी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आत गेली. आम्हाला वाटलं, संपलं. ती परत आली ती लोखंडी पत्र्याचा एक मोठा डबा दोन्ही हातांनी धरून. ‘माह्या मालकाच्या सुया हायेत,’ म्हणाली. ‘दोन वर्साच्या. ते गेले दिवाईत. कुठी टाकाच्या समजत नव्हतं, कोनाच्या पायात जातीन म्हनून पलंगाखाली ठेवल्या. इचारू कोनाले?’

मैनानं मोजा चढवला, डबा घेतला, झाकण दाबून पाहिलं. ‘मले इचाराचं, आजी,’ ती म्हणाली. ‘मी रोज सात वाजता येतो.’

पुढच्या शनिवारी मला पुन्हा बोलावलं आहे. अजून साठ घरं बाकी आहेत. अकोल्याहून सकाळची गाडी बडनेऱ्याला थांबते. गुडघे चालले तर तूही ये.

तुझा
उद्धव